एक टीएमसी पाणी की एक पवनचक्की? विजेची तुलना वहीवर कशी मांडावी

अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे तेव्हा दर डिसेंबरात माझ्या टेबलावर एक प्रोजेक्ट हमखास यायचं : 'जलविद्युत श्रेष्ठ की पवनऊर्जा?' स्पायरल बायंडिंग, पहिल्या पानावर धरणाचा रंगीत फोटो, शेवटच्या पानावर 'दोन्ही पर्यावरणपूरक आहेत'. मधे एक वाक्य ठरलेलं. पाण्याच्या टर्बाइनची कार्यक्षमता ९० टक्के, पवनचक्कीची ४०, म्हणून पाणी दुपटीहून सरस. मी कितीतरी वर्षं त्याखाली सही ठोकत आले.

ती सही थांबली एका पाटकऱ्यामुळे, म्हणजे कालव्याचं पाणी शेतांना वाटून देणाऱ्या माणसामुळे. निफाडकडच्या एका विद्यार्थिनीचे आजोबा कालव्यावर पाटकरी होते. नातीचं प्रदर्शन बघायला आले, चष्मा लावून तक्ता अथपासून इतिपर्यंत वाचला आणि मला म्हणाले, "बाई, पाणी काय विजेसाठी सोडत नाहीत. पाणी सोडलं, तं वीज व्हते."

मी हसून वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर ते वाक्य काही जाईना. नव्वद टक्के खरेच, पण कधीचे नव्वद? शेतीसाठी कालव्याला पाणी, म्हणजे आवर्तन, सुटलं तेव्हाचे. एरवी ते टर्बाइन बसून असतं. त्यानंतर मी तुलनेची पद्धतच बदलली. आता निवृत्त झाले, तरी भाचरं-शेजारपाजारची मुलं येतात, म्हणून ती पद्धत इथे लिहून ठेवते. एक वही, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि जमल्यास दोन रविवार एवढं भांडवल पुरतं.

आधी मेगावॅट खोडा

पहिलं काम, 'क्षमता किती मेगावॅट' हा रकाना बाजूला ठेवा. ती यंत्रावरची पाटी झाली. आपल्याला हवंय वर्षभरात किती युनिट निघाले ते. युनिट म्हणजे आपल्या बिलावरचं तेच, एक किलोवॅट एक तास.

फरक किती पडतो ते कोयनेवर बघा. कोयना प्रकल्पाची पाटी १,९६० मेगावॅटची. वर्षाचे ८,७६० तास सगळी यंत्रं पूर्ण ताकदीने चालली, तर सुमारे १,७१७ कोटी युनिट व्हायला हवेत. पण विजेसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने मर्यादा घातलीय, वर्षाला ६७.५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). ते पाणी आधी सुमारे ४७५ मीटर उतरतं आणि खाली कोळकेवाडीला आणखी १२० मीटर. पुढे दिलेल्या सूत्रात हे आकडे घातले की २७०-२७५ कोटी युनिटांच्या आसपास उत्तर येतं. म्हणजे पाटीच्या जेमतेम सहावा हिस्सा. यंत्रं वाईट म्हणून नव्हे. पाणी मोजून मिळतं, आणि ते संध्याकाळी विजेची ओढ वाढते त्या तासांसाठी राखून ठेवायचं असतं, म्हणून यंत्रं मुद्दाम मोठी बसवलीत. हे न समजता कुणी 'कोयनेचा पीएलएफ (पाटीच्या किती टक्के वीज प्रत्यक्षात निघाली तो आकडा) पवनचक्कीपेक्षा कमी' असं लिहिलं तर ते गणिताने बरोबर आणि अर्थाने चूक.

पाण्याचा हिशेब

सूत्र पुस्तकात आहेच : पाण्याचं वजन गुणिले उंची. पण आपण नाशिककर पाणी घनमीटरमध्ये मोजत नाही. पावसाळ्यात पेपरात धरणसाठ्याचा तक्ता येतो तो दशलक्ष घनफुटात, म्हणजे दलघफूमध्ये. हजार दलघफू म्हणजे एक टीएमसी. विसर्ग येतो क्युसेकमध्ये. हजार क्युसेक अख्खा दिवस सोडले तर ८६.४ दलघफू. म्हणजे साडेअकरा हजार क्युसेक चोवीस तास चालले की एक टीएमसी गेलं.

मी मुलांना एकच आकडा पाठ करायला लावते : एक टीएमसी पाणी एक मीटर खाली आलं की साधारण ६८ हजार युनिट. (घर्षणाबिर्षणाचं वजा करून, ८८ टक्के कार्यक्षमता धरून. नुसत्या सूत्राने ७७ हजार येतात.) बाकी सगळं गुणाकार. एक टीएमसी ६० मीटर उतरलं तर ४० लाख युनिटांच्या थोडं वर. हा ४० लाख लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

इथे मुलं दोन ठिकाणी घसरतात. एक, धरणाची उंची म्हणजेच 'हेड' असं धरतात. भंडारदऱ्याचं धरण ८२ मीटर उंच आहे, पण पाण्याची पातळी एप्रिलमध्ये कुठे असते ते बघा. हेड म्हणजे वरच्या पाण्याची पातळी आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या पाण्याची पातळी यांतलं अंतर. धरण जसं उतरतं तसं तेही उतरतं. म्हणून वर्षाची सरासरी धरायची. भंडारदऱ्यासाठी मी वहीत ६० घेते, सरावापुरते. दुसरी घसरण पुराची. दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की अख्खं शहर रामकुंडावर बघायला जातं, आणि एखादा हुशार मुलगा त्या विसर्गाचे युनिट काढून आणतो. सांडव्यावरून आलेलं पाणी टर्बाइनला भेटलेलंच नसतं. यंत्रातून जाईल तेवढंच मोजायचं, उरलेलं गोदामाईचं.

आता पाटकरीबाबांचा मुद्दा. भंडारदऱ्याचं, म्हणजे प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं, ते प्रवरेच्या कालव्यांसाठी, उसासाठी. वीजघर तिथे कित्येक दशकांनी आलं. अकरा टीएमसीचं धरण. ते सगळं पाणी यंत्रातून गेलं असं मानलं तर साडेचार कोटी युनिट. पण ते कधी जाईल हे वीज खातं ठरवत नाही, शेतीचं आवर्तन ठरवतं. वैतरणेचंही तसंच. इगतपुरी तालुक्यातल्या ऊर्ध्व वैतरणा धरणाचं पाणी वीजघरातून उतरून पुढे मोडकसागरमार्गे मुंबईकरांच्या नळाला जातं. म्हणून वहीत पाण्याच्या बाजूला एक रकाना वाढवा : 'पाण्याचा मालक कोण?' शेती, शहर, खालचं जायकवाडी की वीज. उत्तर 'वीज' नसेल तर हे धरण मागाल तेव्हा वीज देईल असं गृहीत धरू नका.

वाऱ्याचा हिशेब

वाऱ्याचं गणित जास्त गमतीचं आणि जास्त फसवं. ताकद वाऱ्याच्या वेगाच्या घनावर जाते. वेग दुप्पट, ताकद आठपट.

नमुन्याला २.१ मेगावॅटचं मशीन घ्या, पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ८८ मीटर. वर्तुळाचं क्षेत्रफळ सहा हजार चौरस मीटरच्या वर. हवेची घनता समुद्रकाठी घनमीटरला १.२२५ किलो असते, आपल्या डोंगरमाथ्यांवर ती कमी. मी १.१ धरते. सेकंदाला ६ मीटर वारा असेल तर त्या वर्तुळातून जाणाऱ्या वाऱ्यात सुमारे ७२० किलोवॅट असतात. मशीन त्यातले ४० टक्के काढतं, म्हणजे २९० किलोवॅटच्या जवळपास. पाटीच्या सातवा हिस्सा! वारा १२ झाला की तेच मशीन पूर्ण २.१ मेगावॅटला पोचतं. आणि ४ मीटरला? ८५ किलोवॅटच्या आसपास.

माझा भाचा साक्रीकडे पवनचक्क्यांवर टेक्निशियन आहे. तो म्हणतो, "आत्या, पातं फिरतंय म्हणजे मीटर पळतंय असं नसतं." सेकंदाला तीन-साडेतीन मीटरच्या खाली मशीन नुसतं रिकामं फिरतं. वारा वीस-पंचवीसच्या पुढे गेला तर स्वतःला वाचवायला थांबतं. हायवेवरून जाताना फिरणाऱ्या पवनचक्क्या मोजून अंदाज बांधणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत.

घनाचा हा नियम सरासरीलाही चकवतो. एक दिवस वारा ३ मीटर, दुसऱ्या दिवशी ९. सरासरी ६, तिचा घन २१६. पण खरे घन २७ आणि ७२९, त्यांची सरासरी ३७८. म्हणजे सरासरी वेगावरून काढलेलं उत्तर पावणेदोन पटीने कमी आलं. म्हणून वाऱ्याची नोंद तासातासाची हवी, महिन्याची सरासरी नको. शिवाय गच्चीवर वाऱ्याचा मापक लावून 'नाशकात वाराच नाही' म्हणू नका. जमिनीपासून १० मीटरवर ४ चा वारा असेल, तर मोकळ्या रानात ८० मीटरवर तो साधारण ५.४ होतो आणि ताकद जवळजवळ अडीचपट. गंगापूर रोडवरच्या इमारतींमधल्या गच्चीचा यात काही संबंध नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने उंचीनुसार वाऱ्याचे नकाशे केलेत, ते वापरा.

एवढं करायचं नसेल तर सोपा रस्ता पीएलएफचा. आपल्याकडच्या डोंगरांवर २२ टक्के धरले तर फार चुकणार नाही. २.१ मेगावॅटचं मशीन वर्षभर पूर्ण चाललं तर १ कोटी ८४ लाख युनिट. त्याचे २२ टक्के म्हणजे ४० लाख.

हो, तेच ४० लाख. एक मशीन वर्षभर फिरलं काय, की एक टीएमसी पाणी ६० मीटर उतरलं काय. हे जुळलं त्या दिवशी मला शाळकरी मुलीसारखा आनंद झाला होता. तुलनेला एक वजनकाटा मिळाला. आता दोन्ही पारड्यांत वजन सारखं आहे. पुढचे सगळे प्रश्न या ४० लाखांबद्दल विचारायचे.

नव्वद विरुद्ध चाळीसचं काय, ते एका परिच्छेदात संपवते. वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेतली तर पात्यामागची हवा जागीच थांबेल आणि पुढची येणारच नाही. म्हणून काढण्याची वरची हद्द ५९.३ टक्के, ही १९१९ मध्ये आल्बर्ट बेट्झने दाखवली. त्या हद्दीत ४० ते ४५ टक्के काढणं उत्तमच. आणि निसटलेला वारा कुणाच्या वाट्याचा नव्हता. पाण्याचं एक टक्का वाया गेलं तर ते धरणात अडवलेलं, कुणाची जमीन बुडवून साठवलेलं पाणी असतं. तिथे ९० टक्के ही चैन नाही, गरज आहे. दोन वेगळ्या गोष्टींचे टक्के शेजारी मांडून वजाबाकी करू नका.

महिन्यांची उभी रेघ

युनिट जुळले, पण ते कधी मिळाले? वहीत बारा महिन्यांचे बारा चौकोन आखा आणि दोन्हींचे ४० लाख त्यांत वाटा. वाऱ्याचे निम्म्याहून बरेच जास्त जून ते सप्टेंबरात पडतील. भाच्याला जुलैत फोन केला तर "आत्या, हाय विंड सीझन चालूय, नंतर बोलू" एवढंच ऐकू येतं. मशीनच्या दुरुस्त्याही ही मंडळी वारा पडलेल्या महिन्यांतच काढतात. पाण्याचे चौकोन आवर्तनांप्रमाणे भरा, रब्बीची, मग उन्हाळ्याची. म्हणजे वारा जोरात असतो तेव्हा धरण भरत असतं, आणि वारा पडल्यावर पाणी सुटतं. एकमेकांची जागा घेण्यापेक्षा एकमेकांचे महिने भरून काढायला ही जोडी जास्त बरी. पण ते जमतं मालक परवानगी देईल तेवढंच.

दिवसाचे तासही बघा. पाण्याचं यंत्र काही मिनिटांत सुरू होतं. वाऱ्याला बोलावता येत नाही. याचं उत्तर आपल्या शेजारी घाटघरला आहे. २००८ मध्ये सुरू झालेला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प. वीज उरते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी चारशे मीटरहून जास्त वर चढवायचं, वीज लागते तेव्हा तेच खाली सोडायचं. अशा प्रकल्पांत शंभर युनिट खर्चून सत्तर-ऐंशीच परत मिळतात. मुलं याला 'तोट्याचा प्रकल्प' लिहितात. तो कारखाना नाही, गोदाम आहे. गोदामाचं भाडं लागतंच.

पर्यावरणाचा रकाना

इथे घाई करू नका. आणि पहिली गोष्ट, दोन नव्हे, तीन रकाने आखा. तिसरा एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्राचा. तिथल्या चिमण्या नाशिकरोडवरून रोज दिसतात, तरी प्रोजेक्टमध्ये कुणी त्यांना घेत नाही. तिसरा रकाना नसेल तर पाणी आणि वारा एकमेकांपुढे उगीच गुन्हेगार वाटायला लागतात.

धुराचा हिशेब सोपा. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २०१४ च्या अहवालात बांधकामापासून मोडणीपर्यंतचं सगळं धरून दर युनिटमागे निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे (बाकीचे वायू त्याच मापात धरून) मध्यम आकडे आहेत : जमिनीवरची पवनचक्की ११ ग्रॅम, जलविद्युत २४, कोळसा ८२०. आपल्या ४० लाखांना लावा. वारा ४४ टन, पाणी ९६ टन, कोळसा ३,२८० टन. पाण्याचा आकडा मात्र सांभाळून वापरा. बुडालेली झाडं-झुडपं पाण्याखाली कुजतात आणि मिथेन सुटतो. उष्ण प्रदेशातल्या काही जलाशयांचा आकडा त्याच अहवालात कोळशाच्याही वर गेलाय. धरण कुठलं, किती उथळ, किती जंगल बुडवून झालं, त्यावर सगळं आहे.

मग जमीन. एक टीएमसी पाणी सरासरी दहा मीटर खोल साठवायचं तर २८३ हेक्टर, म्हणजे सातशे एकर पाण्याखाली जातात. एका मशीनला पाया, क्रेनची जागा, रस्ता धरून दोन-चार एकर, आणि भोवती शेती चालू राहू शकते. आकडा एकतर्फी दिसतो ना? म्हणूनच पाटकरीबाबांना परत आठवा. ते सातशे एकर फक्त विजेसाठी बुडाले का? शेतीचं धरण असेल तर बुडिताचा सगळा बोजा विजेवर टाकणं अन्याय आहे. तिच्या वाट्याचाच टाका. पण धरण विजेसाठीच बांधलं असेल तर पळवाट नाही. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात उभे राहिले, तो विजेसाठीच्या धरणाविरुद्ध होता. आणि सरदार सरोवराच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा, त्यासाठी नंदुरबारमधली ३३ गावं बाधित झाली. याला ग्रॅम नाहीत. रकान्यात गावांची नावं लिहा, बेरीज करू नका.

वाऱ्याच्या बाजूला मुलं 'पक्षी मरतात' एवढं लिहून सुटतात. त्याहून गुंतागुंतीचं आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौथ्या हिश्श्यावर आले होते. त्यामुळे गळ्याखाली रंगीत पंखा उघडणारे तिथले सरडे वाढले, आणि माणूस जवळ गेला तरी पळायला उशीर करू लागले. पवनचक्कीने सरड्याला हातही लावला नाही, वरची घार-ससाणे तेवढे हटले. पक्ष्यांची प्रेतं मोजून हे कधी कळलं नसतं.

आणि धरणाच्या बाजूला सगळं काळंच नाही. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा शंभर वर्षांपूर्वीचा, सिंचनाचा. त्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. साठवणीच्या दृष्टीने तो गाळ म्हणजे नुकसान, चापडगावला पहाटे दुर्बीण लावून बसणाऱ्या माझ्यासारखीच्या दृष्टीने मेजवानी. तिथे एकदा बसलं की पवनचक्की कुठे उभी करू नये हे नकाशाशिवाय कळतं.

उरलेलं थोडक्यात : पात्यांचं फायबर जुनं झाल्यावर सहजी गळत-वितळत नाही, त्याची विल्हेवाट ही डोकेदुखी. जवळच्या घरांना आवाज आणि फिरत्या सावल्या. धरणाखाली नदी कोरडी आणि माशांची वाट अडलेली.

दोन रविवार

आकडे मांडून झाले की बघायला जा, आधी नव्हे. एक रविवार पट्ट्याचा, म्हणजे विश्रामगडाचा. सिन्नर-अकोल्याच्या शिवेवर, टाकेदच्या बाजूने. गडावरून आजूबाजूच्या डोंगरधारांवर पवनचक्क्या दिसतात. पाती मोजू नका, त्यांच्यापर्यंत गेलेले रस्ते बघा. एवढालं पातं वळणावर फिरवायला डोंगर किती रुंद कापावा लागतो ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे. पावसाळ्यात गेलात तर वारा जोरात, पण धुक्यात काही दिसायचं नाही. ऑक्टोबरात सगळं लख्ख, पण पाती ढिम्म. दोन्हींपैकी एक निवडावं लागतं.

दुसरा भंडारदऱ्याचा, आवर्तन चालू असताना. तारीख पेपरात बघून जा. वीजघरात परवानगीशिवाय सोडत नाहीत. काठावरच्या पाड्यांत मात्र कुणाच्याही ओट्यावर बसता येतं. म्हाताऱ्यांना विचारा, जुनं गाव कुठे होतं. माझ्या शेवटच्या बॅचच्या एका मुलाला एका आजींनी पाण्याकडे बोट करून सांगितलं, "थितं." त्याने 'बाधित क्षेत्र' या रकान्यात आकडा न लिहिता तेवढाच शब्द लिहिला. परीक्षकांनी एकक विचारलं. मी म्हटलं, राहू द्या.